जर्मनीतलं फाटकं पोतं

मी जर्मनीला गेले ते धाकट्या जावेचं बाळंतपण करायला. हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, निघायच्या आधी परसात तुरी पाखडता पाखडता सांगितलं.

"बाळंतपण तं कोणीबी करते. तथी मोठाले दवाखाने हायेत. तू माह्या पोराले घेऊन ये."

पोर म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो दुसरीत होता. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. तरी त्याला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायचं, आणि त्यानं मला 'वयनी, तू' म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. नागपुरात शिकून तो इंजिनेर झाला आणि सूतगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन कारखान्यात तीन वर्षांसाठी गेला. मधे एकदा येऊन अमरावतीची शिकलेली बायको करून घेऊन गेला. आता ती तीन वर्षं संपत आली होती. कारखाना त्याला कायम ठेवणार की परत पाठवणार, ते ठरायचं होतं. ठेवावं म्हणून तो जिवाचं रान करत होता. ठेवू नये म्हणून आत्याबाई दर सोमवारी उपास करत होत्या. आणि दोघांच्या मधे मी, चौथी पास.

माझ्या नवऱ्याला का पाठवलं नाही, असं पुष्कळांनी विचारलं. आमचे हे दारव्ह्याच्या मोटारीतसुद्धा ओकायचे. विमानाचा प्रश्नच नव्हता.

मला स्वतःला विचाराल तर दीर यावा असंच मलाही वाटे. माया वगैरे काही नाही. शेत दोघा भावांचं होतं आणि राबणारा एक होता.

प्रवासाचं वर्णन मी करत नाही. यवतमाळला सुया टोचल्या, मुंबईला विमानात बसवलं, तिकडं उतरवलं. माझ्या नऊवारीवर दिरानं स्वतःचा जुना कोट चढवला, तो पुढं तीन महिने अंगावरून उतरला नाही.

जावेला मुलगा झाला. दवाखान्यात झाला, माझ्याशिवाय झाला. मी घरून डिंक नेला होता, त्याचे लाडू केले. तिनं अर्धा लाडू खाल्ला आणि वजन वाढेल म्हणाली. लेकराला तेल लावणं आणि खिडकीत बसून बर्फ बघणं, एवढंच माझं काम उरलं. रोज संध्याकाळी दीर घरी आला की मी विचारायची.

"भाऊजी, कवा निघायचं?"

"पाहू ना वयनी."

"आत्याबाई वाट पाहून राह्यल्या."

"पाहू म्हणलं ना."

असं करता करता बर्फ वितळला, लेकरू मान धरायला लागलं. एक दिवस कारखान्याच्या मालकाची बायको बाळाला बघायला आली. उंच, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. बाळाकडे तिनं जेमतेम पाहिलं. माझ्याभोवती मात्र ती एक पूर्ण फेरी मारून आली, जशी आपण बाजारात गाईभोवती मारतो. मग दिराशी पुष्कळ बोलली आणि गेली.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"गावात मोठं प्रदर्शन भरून राह्यलं, वयनी. देशोदेशीच्या नव्या चित्रांचं. तीच त्याची मुख्य हाय. पहिल्या दिवशी तुले बलावलं."

"मले कायले?"

"तुह्यासारखं कोणी तिनं पाह्यलं नाई." मग तो जवळ येऊन बसला. "हे पाय, मालक तिच्या शब्दाबाहेर नाई. महिनाभरात माह्या कामाचं ठरते. तू फक्त हासजो. बाकी मी पाहून घेतो."

मी बरं म्हटलं. मनात मी दुसरंच ठरवलं. ही बाई काही विचारेल, तेव्हा पोटात असेल ते तोंडानं सांगायचं. मला ते करायला काही मेहनत पडत नाही, माहेरी आणि सासरी दोन्हीकडे त्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत. बाई चिडली की दिराचं काम गेलं. काम गेलं की आम्ही सगळे दारव्ह्याच्या मोटारीत.

प्रदर्शनाची जागा म्हणजे एखाद्या राजाचा जुना वाडा असावा. आतून सगळा चुना मारून पांढरा केलेला. माणसं हातात पेले घेऊन हळू हळू फिरत होती, घरात कोणी वारलं असल्यासारखी. जाऊ लेकरापाशी घरी होती. मी, दीर आणि मालकीणबाई, असे आम्ही तिघं. लोक चित्रं बघायला आले होते, पण मी खोलीत शिरले की अर्धे माझ्याकडे वळायचे.

पहिलं चित्र सगळं निळं होतं. म्हणजे निळ्या रंगात काढलेलं नव्हे, नुसतं निळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईनं काहीतरी विचारलं.

"तुले काय वाटते म्हणते," दीर म्हणाला.

"नीळ जास्त झाली म्हणा. आमच्याकडे धोतर असं निघालं तं परीट चार दिवस तोंड दाखवत नाई."

मी एवढंच बोलले. दीर मात्र एक भाकर भाजून होईल इतका वेळ बोलत होता. बाईनं डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला.

"भाऊजी, काय सांगतलं तुमी?"

"तेच, तू म्हणली ते."

नंतर घरी जाताना ट्राममधे त्यानं कबूल केलं. आमच्या वहिनीला या रंगात गावाकडचं आभाळ दिसतं, असं त्यानं सांगितलं होतं. गावाकडचं आभाळ तो स्वतः विसरला होता. आमच्याकडे वर्षातले आठ महिने आभाळाला रंगच नसतो.

पुढच्या खोलीत एक यंत्र होतं. सायकलची चाकं, डबे, साखळ्या, सगळं भंगार एकत्र जोडलेलं. बटण दाबलं की ते थरथरायचं, खडखड करायचं आणि थांबायचं. यंत्रातलं दिराला कळतं, म्हणून मी त्यालाच विचारलं.

"यातून काय निंगते?"

"काई निंगत नाई, वयनी."

"मंग बंद काहून करत नाई?"

"हळू बोल."

"कायले हळू? इथं मराठी कोणाले येते?"

बाईनं पुन्हा विचारलं, वहिनी काय म्हणतात. दिरानं काय सांगितलं ते आजपर्यंत मला माहीत नाही. बाईनं मान हलवून माझा हात हातात घेतला आणि पुढं सोडलाच नाही. मला चिंता वाटायला लागली. मी वाईट बोलावं आणि त्याचं गोड होऊन तिच्यापर्यंत जावं, असं चाललं तर आम्ही सगळे इथंच म्हातारे होणार होतो.

तिसऱ्या खोलीत भिंतीवर एक जेवणाचं टेबल टांगलेलं होतं. उभं. त्यावर जेवण झाल्यानंतरच्या बशा चिकटवलेल्या, पावाचे तुकडे, विडीची थोटकं, तळाशी सुकलेली कॉफी. सगळं खरकटं जसंच्या तसं.

"माय वो, हे उष्टं हाय!" मी पदर नाकाला लावला.

तेवढ्यात एक माणूस खायच्या चकत्यांचं ताट घेऊन समोर आला. बाईनं एक उचलून माझ्यापुढं धरली. मी हात मागं घेतला.

"घे ना वयनी, बटाट्याचं हाय, चालते तुले."

"खरकट्याखाली उभं राहून मी खाणार नाई. आमच्यात उष्टं उचलल्याबिगर, जागा पुसल्याबिगर दुसरं अन्न येत नाई. सांगा तिले."

"वयनी..."

"सांगा ना. का मी हातानं दाखवू?"

दिरानं सांगितलं. या वेळी थोडक्यात सांगितलं, म्हणून मला आशा वाटली. बाईचा चेहरा बदलला. तिनं ती चकती ताटात परत ठेवली, हातातला पेलाही ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांना तिनं काही सांगितलं, त्यांनीही पेले ठेवले. मला वाटलं, झालं. चिडली.

"काय म्हणते?"

दिराच्या कपाळावर घाम होता. "विचारते, आज तुह्यं व्रत हाय काय. मी हो म्हणलं. तं म्हणते, मंग मीबी नाई खात."

मी तोंडातल्या तोंडात दिराला एक शिवी दिली. ती त्यानं कोणाला सांगितली नाही.

चौथ्या खोलीत गर्दी होती. ज्यानं ती चित्रं केली तो माणूस स्वतः आला होता आणि लोक त्याला घेरून होते. आत पाऊल टाकलं आणि मला ओळखीचा वास आला. इतक्या दिवसांत नाकाला पहिल्यांदा घरचं काही भेटलं. गोणपाट. भिंतीवर मोठमोठ्या चौकटी आणि चौकटीत ताणून बसवलेली पोती. ठिगळं लावलेली, उसवलेली, एखाद्या ठिकाणी जळालेली. दाराजवळच्या पोत्याला मधोमध वीतभर फाट होती.

आमच्या घरात वर्षाची तूर, ज्वारी, सरकी, सगळं पोत्यात. आणि उंदीर बारा महिने. त्यामुळं घरचा एक कायदा होता. फाटकं पोतं ज्याला दिसेल त्यानं ते तिथंच, त्याच क्षणी बंद करायचं. दाभण शोधायला गेलात तर येईपर्यंत पायली सांडलेली असते. म्हणून जे हाताशी असेल ते लावायचं, बाभळीचा काटा तर काटा. आत्याबाईंनी हे आम्हाला असं शिकवलं होतं की डोक्याला विचारायची गरज राहत नव्हती. पाहुण्यालाही सूट नव्हती. माझा सख्खा भाऊ दिवाळीला मला न्यायला आला, तर आधी त्यानं ओसरीतल्या पोत्याला काटा टोचला आणि मग रामराम केला.

दीर आणि बाई कोणाशी तरी बोलत होते. माझा हात बांगडीकडे गेला. बांगडीला पिन असतेच. ती काढली, फाटीच्या दोन्ही कडा जवळ आणल्या, पिन लावली, घट्ट बसली की नाही ते बोटानं ओढून पाहिलं. आणि दुसरं कुठं फाटलं आहे ते बघायला मी वळले.

तेव्हा ओरडणं ऐकू आलं. पहारेकरी धावत आला होता. त्यानं मला हात लावला नाही, पण माझ्या आणि पोत्याच्या मधे तो असा उभा राहिला, जणू मी ते खाणार होते. दीर गर्दीतून आला, तोंड राखेसारखं.

"वयनी, काय केलंस वो हे!"

"फाटलं होतं."

"अवं, ते फाटलेलंच असते!"

"मंग आता नाई."

दिरानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याचं तसं तोंड मी आधी एकदाच पाहिलं होतं, मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी, निकाल लागायच्या आधी. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मनात आलं, चला. आपण एवढं ठरवून बोललो त्यातून काही झालं नाही, आणि न ठरवता काम होऊन गेलं. आता बोचकी बांधायची.

पोतंवाला माणूस पुढं आला. लोकांनी त्याला वाट दिली. बारीक अंगाचा, चांगल्या कापडाचा कोट, बूट चकचकीत. पोत्याची धूळ याच्या अंगावर कधी उडाली असेल असं वाटत नव्हतं. तो वाकला आणि पिनेकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मला काही विचारलं.

"कायले लावली विचारते," दीर म्हणाला.

"सांगा, सांडते म्हणून."

दीर दोनच शब्द बोलला. त्याच्यापाशी आता गोड करायला काही शिल्लक नव्हतं. माणसानं पुन्हा विचारलं.

"काय सांडते, म्हणते."

"तूर."

तूर काय असते ते त्या भाषेत सांगायला दिराला जरा वेळ लागला. माणूस हसला नाही. तो मागं सरकला, डोळे बारीक करून पोत्याकडे पाहिलं, पुन्हा जवळ आला आणि मग हळू हळू बोलायला लागला. लोक वह्या काढून लिहायला लागले. मालकीणबाईनं टाळी वाजवली. दीर कोणाचाच नसल्यासारखा उभा होता.

"भाऊजी, काय म्हणते तो?"

"म्हणते... तीन वर्सं झाले या चित्रात काईतरी कमी हाय असं त्याले वाटे. ते काय होतं ते आज समजलं म्हणते."

"तीन वर्सं? घरी बायको नाई काय त्याले?"

दीर अजून भानावर आलेला नव्हता. त्यानं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. सगळी खोली हसली. पोतंवाला सगळ्यात जास्त हसला. हसता हसता त्यानं खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मी काही विनोद केला नव्हता.

पहारेकरी पिन काढायला गेला तर बाईनं त्याला अडवलं. मी म्हटलं, "माही पिन?"

"राहू दे ना वयनी," दीर पुटपुटला.

"कोटाले काय लावू मंग? बटन तुटलं हाय तुमच्या कोटाचं."

बाईनं विचारलं असावं, कारण तिनं स्वतःच्या गळ्याशी लावलेली खड्यांची पिन काढली आणि माझ्या कोटाला लावली. तिनं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. तेव्हा दिराच्या तोंडावर रंग आला, आणि माझ्या तोंडावरचा गेला. मला समजलं की काय होऊन बसलं आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माझा नव्हे, पिनेचा. लोक ती पिन बघायला लांबून आले म्हणे. मालकीणबाई दिवसातून दोनदा तिथं जाऊन लोकांना सांगायची की ही माझी पाहुणी. आठवडा झाला नसेल, मालकानं दिराला आपल्या घरी जेवायला बोलावलं. परत आला तो हातात केक घेऊन.

"कायम केलं, वयनी! घरबी देऊन राह्यले, बगीच्याचं. तुह्यामुळं!"

जावेनं रडून घेतलं. आनंदानं रडणारी माणसं मला समजत नाहीत. मी लेकराला मांडीवर घेऊन बसले होते.

"आत्याबाईले काय सांगू?" मी विचारलं.

दीर केक कापत होता. "सांग, दोन वर्सानं येतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे... येतो ना वयनी. घे, खाऊन तं पाय."

केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

दारव्ह्याला मोटारीतून उतरले तेव्हा आत्याबाई गाडी जुंपवून स्वतः आल्या होत्या. मी उतरले तरी त्या मोटारीच्या दाराकडेच बघत होत्या. शेवटचा माणूस उतरला, कंडक्टर दार लावायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकटीच?"

"हो."

"लेकरू कसं हाय?"

"गोरं हाय. नाक तुमचं हाय."

"नाकाचं काय करू मी?"

गाडीत मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लपवायला येतही नाही. गाव जवळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तू गेली नसती तं तो आला असता."

"आला असता बहुतेक."

"तिकीट कोणी धाडलं होतं तुह्यं?"

"भाऊजीनंच."

"हुशार हाय पोट्टं," आत्याबाई म्हणाल्या.

गावात मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं. माझ्या पोराबिगर कारखाना चालत नाही, म्हणून सोडत नाहीत. मलाही ताकीद होती. त्यामुळं शाळेचे गुरुजी एकदा मुद्दाम घरी आले आणि मला त्यांनी विचारलं की एवढ्या लांब जाऊन काय पाहिलं, तेव्हा मी म्हटलं, बर्फ. गुरुजींनी वर्गात मुलांना माझ्या नावानं बर्फ शिकवला.

आमच्या घरात मधली खोली दिराची होती. त्याची खाट, पुस्तकांची पेटी, खुंटीला टोपी. तो गेल्यापासून तिला कुलूप होतं आणि किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. दर दिवाळीला त्या स्वतः खोली सारवायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. जागा नसल्यामुळं आम्ही सगळे सुगीत पोत्यांच्या मधे झोपायचो, पण त्या खोलीबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती. मी परत आले त्या वर्षी कापूस चांगला झाला. सरकीची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि ओसरी आधीच भरलेली. आत्याबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या नवऱ्यापुढं धरली.

"त्याची खाट बाहीर काढ. सरकी भर आत."

हे चुळबुळले. "माय, दोन वर्सानं येतो म्हणते तो."

"आला तं ओसरीत निजीन तो. पाहुणे कुठं निजतात?"

दोनाची चार वर्षं झाली, तेव्हा दीर आला. बायको आणि मुलगा बरोबर. सामान घेऊन सरळ मधल्या खोलीकडे गेला, दार उघडलं, आत छतापर्यंत सरकी बघितली आणि दार लावून घेतलं. मी ओसरीत पाहुण्यांच्या गाद्या घातल्या. सकाळी आत्याबाईंनी स्वतः चहा केला. आम्ही घरचे सगळे वाटीत प्यायचो. दिराला त्यांनी कपबशीत दिला. त्यानं कपबशीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. त्या दुसऱ्या वाट्या भरत होत्या. मग त्यानं बशीत ओतून चहा प्यायला सुरुवात केली.